पापणी पडणे : आतल्या बाजूची तपासणी

एका डोळ्याची वरची पापणी खाली आली की घरातील माणसे वयाला किंवा जागरणाला दोष देतात. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याच्या बाबतीत ऊन आणि खारा वारा ही आणखी दोन कारणे तयारच असतात. पुष्कळदा कारण साधेच असते. वयोमानाने पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल होते. परंतु काही वेळा पापणी ओझ्याने पडते, आणि ते ओझे तिच्या आतल्या बाजूस दडलेले असते.

पूर्वी उत्तरेकडील कोरड्या प्रांतांत खुपऱ्यांचा मोठा जोर होता. त्यांनी पापणी आतून खरबरीत व जड होऊन खाली येई. त्याविरुद्ध १९६३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ही सार्वजनिक समस्या उरली नसल्याचे मान्य केले. खुपऱ्या गेल्या तरी पापणी उलटून पाहण्याची रीत जाऊ नये. कारण तेथे काही दुर्मिळ रोगही लपतात.

त्यांपैकी एक अमायलॉइडचा. यात पापणीच्या आतील पातळ आवरणात एक विकृत प्रथिन साचते. १८५४ साली फिरखो यांनी हे नाव पिष्टावरून दिले. वस्तू मात्र प्रथिनाची निघाली, नाव तसेच राहिले. साका पिवळसर, मेणासारखा असतो. जरा धक्का लागला तरी रक्त येते. उन्हातान्हात वावरणाऱ्यांच्या डोळ्यात वाढणारे मांस वेगळे. ते बहुधा नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकते व आरशात दिसते. दुसरा रोग लसिकापेशींच्या कर्करोगाचा. त्याचा गुळगुळीत गुलाबी उंचवटा डॉक्टर सामन माशाच्या रंगाचा म्हणतात. (आपला रावस तो नव्हे.)

दोन्हींची खात्री छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीनेच होते. अमायलॉइडवर काँगो रेड रंग चढवून ध्रुवित प्रकाशात पाहिले की हिरवी झाक दिसते. हा साका थेंबांनी विरघळत नाही. शस्त्रक्रियेने कमी करतात, तो पुन्हा येऊ शकतो. बहुधा तो डोळ्यापुरताच असतो, तरी रक्त व लघवी तपासून घेतात. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदूचे संकट वेगळेच ओढवते.

पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोके असह्य दुखू लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळूहळू पडत असेल तर नेत्रतज्ज्ञांना "पापणी उलटून पाहाल का?" असे निःसंकोच विचारावे. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा वा बांबोळीला, लग्नकार्यातील जुने फोटो सोबत न्यावेत. पापणी केव्हापासून उतरली ते त्यांवरून कळते.