पोर फोटोतून काय पुसतंय?

फोनमधली जागा भरली की आपण सगळे एकच करतो. नातेवाइकांनी पाठवलेल्या सुप्रभातच्या गुलाबांना हात लावत नाही, पोरानं काढलेले फोटो आधी उडवतो. एकाच पानाचे इतके फोटो कशाला, असं वाटतं. संध्याकाळी पोर फोन घेतं, शोधतं आणि काही न बोलता ठेवून देतं. प्रत्येक फोटोत ऊन वेगळ्या जागी होतं, हे सांगायची संधीही त्याला मिळत नाही.

आपल्या फोपनार गावाकडच्या पोरांचा स्टुडिओ म्हणजे केळीची बाग. तिथं कधी फोटो काढून बघा. पप्पांचा पांढरा सदरा हिरवट येतो, चेहरा आजारी माणसासारखा. पानांतून गाळून येणारा उजेडच हिरवा असतो. आपल्या लक्षात येत नाही, कारण डोळे आपोआप रंग सुधारून घेतात. नववीतलं पोर हे स्वतःचं स्वतः हेरतं, मग ॲपमधली 'व्हाइट बॅलन्स'ची पट्टी इकडंतिकडं सरकवत सदरा पुन्हा पांढरा करतं.

आणि दाखवायला येतं नेमकं पोळी तव्यावर असताना. "छान आहे. अभ्यास झाला का?" दिवसभर दमलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार! पण जमलं तर "आधीचा दाखव ना," एवढं म्हणून बघा. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले की अबोल पोरंही बोलायला लागतात. त्यासाठी मूळ फोटो तसाच ठेवून कॉपीवर खटपट करायची सवय लागलेली बरी.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. पोरं फोटोतून काय काय पुसतात? आधी विजेची तार जाते. मग दोरीवरचे कपडे, गोठा, पत्र्याचं छप्पर. आणि एक दिवस स्वतःचा रंग. मुलगी स्वतःला गोरी करून तोच फोटो डीपीला लावते आणि आपल्याला धस्स होतं. हिला स्वतःचा चेहरा आवडत नाही की काय?

रागवायच्या आधी जरा आठवून बघू. स्थळासाठी फोटो काढताना स्टुडिओवाल्या भाऊंना "जरा उजळ करा हं," असं कोण सांगत होतं? घरातलेच की. मुलगी तेव्हा शेजारी बसून ऐकत होती. ॲप तर नंतर आलं.

बऱ्याचदा दोष उजेडाचा असतो. मागं लख्ख आभाळ असलं की कॅमेरा आभाळाच्या हिशेबानं उजेड कमी करतो आणि समोरचा चेहरा काळवंडतो. तिला वाटतं, मी अशीच दिसते. तिला दाराशी बसवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या, पडद्यावर तिच्या चेहऱ्याला बोट लावा आणि मग काढा. गडद रंगावर आडवा उजेड कसा खुलतो, ते आपल्या गावच्या बुद्धांकडं बघून कळतं. १९६४ साली फोपनारला कांस्याच्या सात बुद्धमूर्ती सापडल्या, साधारण पाचव्या शतकातल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या ठेवल्या गेल्या, त्यामुळं आपल्यातल्या बहुतेकांची त्यांच्याशी ओळख फोटोतूनच. तो फोटो लेकीला मोठा करून दाखवा. धातू काळपट, तरी पापणीची, ओठांची रेघ स्पष्ट दिसते. कुणी गोरं केलेलं नाही त्यांना.

दुसऱ्याच्या चेहऱ्याशी खेळण्याबद्दल मात्र पोरांशी आडपडदा न ठेवता बोलावं. मित्राचं डोकं भलत्याच धडावर चिकटवणं पोरांना गंमत वाटते, आणि एकदा ग्रुपवर गेलेलं परत येत नाही. ज्याचा चेहरा, त्याला आधी विचारायचं. हे आपल्यालाही लागू बरं का! पोराचा रडका फोटो मावशी-काकांच्या ग्रुपवर टाकताना आपण कुठं विचारतो? कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं 'लोकेशन'ही बंद करून टाका, नाहीतर फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा जाऊ शकतो.

आणि सारखं पुसणं-सजवणं चाललं असेल, तर जरा वेगळं काम सुचवून बघा. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपून 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली होती. आपल्याकडं केळफूल आहे. ते बाहेर पडल्यापासून एकाच जागेवरून, एकाच वेळेला रोज एक फोटो. एक एक पारी उलगडत जाते, खाली फण्या दिसायला लागतात. यात काही पुसायचं नसतं, फक्त रोज जायचं असतं. फण्या धरल्या की केळफूल कापून टाकतात, म्हणून बागेतल्या माणसाला तेवढं आधी सांगून ठेवा: त्या एका झाडाला हात लावू नका, पोराचं काम चाललंय.