गावातलं वाचनालय : सभासद व्हा, कमिटीत जा, ग्रंथपाल व्हा



बैठकीत वाचनालयाचा विषय निघाला की बहुतेक गटांत एकच उत्तर येतं, "ते पेपर वाचणाऱ्या माणसांचं अन् पोरांचं. आपल्याला तिथं काय काम?" या महिन्याच्या पाठात हेच काम समजून घेऊ. वाचनालय कुणाचं असतं, त्याला पैसा कुठून येतो, आणि आपल्याला व आपल्या लेकी-सुनांना तिथं काय करता येतं, असे तीन भाग आहेत. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

वाचनालय कुणाचं?

आपला मराठवाडा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात मराठी शाळा आणि वाचनालयं चालवणं सोपं नव्हतं. लोकांनी वर्गणी काढून, जागा देऊन ती उभी केली. संस्थान भारतात आल्यावर १९५५ साली हैदराबाद राज्यात ग्रंथालयाचा कायदा झाला. पुढं आपण महाराष्ट्रात आलो आणि १९६७ साली 'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम' झाला. अनुदानाचे नियम १९७० चे आहेत.

आपल्या राज्यात गावचं सार्वजनिक वाचनालय बहुतेक वेळा नोंदणी केलेली संस्था चालवते. तिला सभासद असतात, घटना असते, कार्यकारी मंडळ (आपण ज्याला कमिटी म्हणतो ते) असतं. सरकार मान्यता आणि अनुदान देतं आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचं कार्यालय तपासणी करतं. म्हणजे वाचनालय कुणा एकाच्या घरचं नाही. ते सगळ्यांसाठी आहे, जातपात किंवा बाई-माणूस असा भेद तिथं करता येत नाही.

सभासदत्वात मात्र एक फरक नीट समजून घ्या. पुस्तक घरी नेण्यासाठी अनामत आणि वर्गणी भरून वाचक सभासद होता येतं. मत कुणाला देता येतं आणि कमिटीत कोण जाऊ शकतं, हे संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असतं. म्हणून नुसती पावती फाडून थांबू नका. "घटना दाखवा, मतदानाचा हक्क असलेलं सभासद कसं व्हायचं ते सांगा," असं विचारा. आपण ग्रामसंघाचे नियम वाचतो, तसेच हेही वाचायचे.

पैसा कुठून येतो?

मान्यता असलेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. पुस्तकं, वाचक, सेवा वाढल्या की वर्ग वर जातो. लहान गावांतली वाचनालयं बहुतेक 'ड' किंवा 'क' वर्गात असतात. २०२२ साली सरकारनं अनुदानाचे दर ६० टक्क्यांनी वाढवले. तेव्हा 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झालं.

हिशोब करून पाहू. यातला निम्मा पैसा पगाराला धरला तर २४,००० होतात. बारा महिन्यांनी भागले की महिन्याला २,००० रुपये. उरलेल्या २४,००० मध्ये पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि बाकीचा खर्च भागवायचा. गावच्या ग्रंथपालाची अवस्था अशी असते. म्हणून वाचनालय बंद दिसलं की नुसतं बोट दाखवू नका, आणि हिशोब न विचारता गप्पही बसू नका. संस्थेचं लेखापरीक्षण होतं, वार्षिक सभा होते. त्या सभेला सभासदांनी जायचं असतं.

पुस्तकांसाठी दुसरीही एक वाट आहे. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्र सरकारची संस्था १९७२ पासून कोलकात्यात काम करते. राज्य सरकारच्या बरोबरीनं तिच्या योजनांतून वाचनालयांना पुस्तकं आणि साधनसामग्री मिळते. आपल्या वाचनालयानं त्यासाठी अर्ज केला का, हे कमिटीला विचारता येतं.

ग्रंथपालाचं शिक्षण

दहावी पास झालेल्या मुलीला किंवा सुनेला ग्रंथपालनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग करता येतो. परीक्षा राज्याचं ग्रंथालय संचालनालय घेतं. पुढचा वर्ग कधी, कुठं भरतो आणि शुल्क किती, हे परभणीच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारायचं. पदवी झालेलीला पुढं ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी घेता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती घरचं काम सांभाळून करता येते.

खोटी आशा मात्र दाखवायची नाही. गावच्या 'ड' वर्ग वाचनालयाच्या पगारावर घर चालत नाही. शिवण, दुकान, शेळ्या असा दुसरा आधार असेल तर दिवसाचे काही तास हे काम जमतं. शाळा-महाविद्यालयातल्या नोकरीसाठी पुढचं शिक्षण लागतं आणि जागा थोड्या असतात. हे सगळं मुलीला आधीच सांगा, मग फी भरा.

गटातल्या बाईला हे काम अवघड नाही

आपण हजेरीवही, रोकडवही, कर्जखाते लिहितो. वाचनालयातही तसंच असतं. आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो. कुणी नेलं, कधी परत केलं, याची देवघेवीची नोंद असते. पुस्तक वेळेवर परत येणं म्हणजे आपल्याकडच्या परतफेडीसारखंच. एकीनं अडवून ठेवलं की दुसरीला मिळत नाही.

नवीन शिकायचं ते वर्गीकरण. मेल्विल ड्यूई या माणसानं १८७६ साली सगळ्या विषयांना आकडे देण्याची पद्धत काढली, तिला दशांश वर्गीकरण म्हणतात. त्यात शेतीला ६३०, जनावरं पाळण्याला ६३६, आरोग्याला ६१०, स्वयंपाकाला ६४१, शिवणकामाला ६४६ आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे. शेळीपालनाचं पुस्तक कुठंही ठेवलं तर सापडत नाही, ६३६ च्या जागी ठेवलं की लगेच हाती येतं.

वाचनालय बाईपर्यंत आणायचं

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली. पुस्तकं वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. त्याच वर्षी तमिळनाडूत मन्नारगुडी इथून बैलगाडीत पुस्तकं भरून खेड्यापाड्यांत नेली गेली.

आपल्याकडं अडचण वेळेची आहे. मजुरी करून बाई घरी येते तोवर वाचनालयाला कुलूप लागलेलं असतं. पण गटाची बैठक तर ठरलेल्या दिवशी होतेच. वाचनालयातून वीस पुस्तकांची पेटी नोंद करून त्या बैठकीत आणता येईल. पुढच्या बैठकीत पुस्तकं परत, नवी पेटी सुरू. पेटीची जबाबदारी एका ताईकडं द्या. ऊसतोडीला गेलेल्यांची जी लेकरं मागं आजीजवळ राहतात, त्यांच्यासाठी चार बालपुस्तकं वेगळी ठेवा. वाचता न येणाऱ्या मावशींना लेकरानं वाचून दाखवावं, म्हणजे दोघांचंही वाचन होतं.

पुस्तकंही आपल्या गरजेची मागा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची प्रकाशनं, मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक (हे १९७१ पासून निघतं), पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची पुस्तकं, आरोग्य आणि कायद्याची सोपी पुस्तकं. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरींना बसायला स्वच्छ जागा, दिवा आणि पंखा मिळाला, तर शहरात अभ्यासिकेचं भाडं भरण्याचा खर्च थोडा तरी वाचेल.

लक्षात ठेवायचे दिवस

१२ ऑगस्ट : रंगनाथन यांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन.
१५ ऑक्टोबर : डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन.
१४ ते २० नोव्हेंबर : राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह.
२७ फेब्रुवारी : मराठी भाषा गौरव दिन.

याशिवाय दरवर्षी जिल्ह्याचा ग्रंथोत्सव होतो. तिथं पुस्तकांची दुकानं लागतात, ग्रंथालयाचे अधिकारी आणि कार्यकर्ते भेटतात. ग्रामसंघातून दोघी-तिघी जाऊन या. चांगलं काम करणाऱ्या वाचनालयाला राज्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार असतो. कार्यकर्ते आणि सेवकांसाठी रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार आहे.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत

१. दोघींनी वाचनालयात जाऊन वर्ग, उघडण्याची वेळ, वर्गणी आणि घटना यांची माहिती आणावी.
२. प्रत्येक गटातून निदान एकीनं सभासद व्हावं आणि वार्षिक सभेची तारीख लिहून घ्यावी.
३. संध्याकाळची वेळ आणि पुस्तकांची पेटी, यासाठी कमिटीकडं ठराव करून लेखी अर्ज द्यावा. पोच घ्यायला विसरू नका.
४. दहावी पास, इच्छा असलेल्या मुली-सुनांची यादी करावी आणि प्रमाणपत्र वर्गाची चौकशी एकत्र करावी.
५. गावात वाचनालयच नसेल तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडं नवीन मान्यतेची आजची स्थिती विचारावी. तोवर ग्रामसंघाच्या कपाटात शंभर पुस्तकं आणि एक नोंदवही, एवढ्यावर सुरुवात होते.

चर्चेसाठी प्रश्न

आपल्या गावचं वाचनालय शेवटचं कधी उघडं पाहिलं? तिथल्या कमिटीत किती बाया आहेत? आपल्याला हवं असं एक पुस्तक कोणतं? तिन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि प्रभागसंघाच्या बैठकीला येताना घेऊन या.