घसरत्या चाकांचे शास्त्र आणि शिस्त

चाक घसरू नये म्हणून मनुष्याने आजवर नाना उपाय योजिले. चाकांस रबरी टायर आले, टायरांवर खोल खाचा कोरल्या गेल्या, मातीच्या वाटांवर खडी व डांबर पडले, घाटांतील वळणे बाहेरच्या कडेने उंच बांधण्यात आली. या साऱ्या खटाटोपाचा हेतू एकच, की चाकाने रस्ता घट्ट धरून ठेवावा. असे असता, चाक मुद्दाम घसरवून त्या घसरणीतच मोटार ताब्यात ठेवण्याचा एक खेळ जगात रूढ आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. या खेळास ‘ड्रिफ्टिंग’ असे म्हणतात. तरुण वर्गास त्याचे मोठे आकर्षण आहे. पालकांस मात्र त्याची धास्ती वाटते. आकर्षण व धास्ती या दोहोंच्या मुळाशी जे शास्त्र आहे, त्याचा थोडा विचार आपण प्रस्तुत लेखात करू.

आमच्या हैदराबाद शहरास मोटारींच्या शर्यती आता अगदीच अपरिचित राहिलेल्या नाहीत. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ ही जागतिक शर्यत झाली. भारतात ती प्रथमच होत होती. एन. टी. आर. मार्ग व लुंबिनी उद्यान या परिसरातील नित्याचे रस्ते रहदारीस बंद करून सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा व १८ वळणांचा मार्ग त्यासाठी सिद्ध करण्यात आला होता. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हर्न हा पहिला आला व न्यूझीलंडचा निक कॅसिडी दुसरा. २०२४ साली ही शर्यत येथे पुन्हा व्हावयाची होती. परंतु ती रद्द झाली.

शर्यत आणि ड्रिफ्टिंग यांत एक मूलभूत भेद आहे, तो आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. शर्यतीत जो आधी पोहोचेल तो जिंकतो. डांबरी मार्गावर चाक फार घसरले तर वेग कमी होतो, टायर झिजतात व वेळ फुकट जातो; म्हणून शर्यतीतील चालक घसरण शक्य तितकी टाळतो. ड्रिफ्टिंगमध्ये आधी पोहोचण्यास महत्त्व नाही. मोटार किती तिरपी झाली, आखलेल्या रेषेवर ती किती काटेकोर राहिली, वेग किती राखला आणि या सर्वांत सफाई किती होती, हे पाहून पंच गुण देतात. धावण्याची शर्यत आणि मल्लखांब यांत जो भेद, तोच येथे आहे असे म्हटले तरी चालेल.

आता शास्त्राकडे वळू. गोफणीत दगड ठेवून ती फिरविली असता हातास ताण जाणवतो. दगड जडत्वामुळे सरळ जाऊ पाहतो. दोरी त्यास क्षणोक्षणी मध्याकडे ओढते आणि म्हणूनच तो वर्तुळात फिरतो. या ओढीस केंद्रगामी बल म्हणतात. वळण घेणाऱ्या मोटारीसही अशाच बलाची गरज असते. मग तिची दोरी कोणती? टायर व रस्ता यांमधील घर्षण हीच तिची दोरी होय. टायरचा जो भाग एका वेळी रस्त्यास टेकलेला असतो, तो तळहाताहून फारसा मोठा नसतो. अशा चार तळहातांएवढ्या जागेवर साऱ्या मोटारीचा, आणि आत बसलेल्या माणसांचा, भरवसा असतो.

या बलाचे गणित शाळेतील विद्यार्थ्यास सहज करता येण्याजोगे आहे. मोटारीच्या वस्तुमानास वेगाच्या वर्गाने गुणावे व वळणाच्या त्रिज्येने भागावे, म्हणजे लागणारे केंद्रगामी बल मिळते. उलट, सपाट रस्त्यावर घर्षणापासून मिळू शकणारे अधिकांत अधिक बल म्हणजे घर्षणांक गुणिले मोटारीचे वजन. ही दोन्ही समान मांडली असता वस्तुमान दोन्हीकडून निघून जाते व असे दिसते की, घर्षणांक, गुरुत्वीय त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हीच त्या वळणावरील वेगाची मर्यादा होय.

एक उदाहरण घेऊ. वळणाची त्रिज्या ५० मीटर असून कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.८ धरला, तर ५० × ०.८ × ९.८ = ३९२; त्याचे वर्गमूळ सुमारे १९.८. म्हणजे मर्यादा सेकंदास १९.८ मीटर, अर्थात ताशी सुमारे ७१ किलोमीटर झाली. पाऊस पडून तोच घर्षणांक ०.४ वर आला, तर गुणाकार १९६ व वर्गमूळ १४. म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. यावरून काय दिसते? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा मनुष्य हे वळण उन्हाळ्यात सुखरूप पार करील. तोच मनुष्य, त्याच मोटारीने, त्याच वेगाने पावसात गेला तर रस्त्याबाहेर जाईल. त्याने कोणतीही नवी चूक केलेली नसेल. केवळ त्याची दोरी अर्ध्याने कमजोर झालेली असेल. जून महिन्यातील पहिल्या सरीने रस्त्यावरील धूळ व तेल यांचा जो निसरडा लेप तयार होतो, तो याच कारणाने घातक ठरतो.

थांबण्याचे गणितही असेच वेगाच्या वर्गावर चालते. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून, ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ८ मीटरांत थांबते. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मोटारीस मात्र ३१ मीटरांहून अधिक अंतर लागते. वेग दुप्पट झाला, अंतर चौपट झाले. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जे अंतर तुटते, ते यात धरलेलेच नाही.

ड्रिफ्टिंग करणारा चालक ही घर्षणाची मर्यादा जाणूनबुजून ओलांडतो. परंतु केवळ मागील चाकांपुरती. या खेळासाठी सामान्यतः मागील चाकांस शक्ती पुरविणारी मोटार निवडतात. वळण जवळ येताच हँडब्रेक ओढून, क्लचला अकस्मात झटका देऊन, अथवा मोटारीचा भार एका बाजूकडून दुसरीकडे झुकवून मागील चाकांची पकड सोडविली जाते. मोटारीचा मागील भाग वळणाच्या बाहेर जाऊ लागतो. त्याच क्षणी चालक पुढील चाके उलट दिशेस फिरवितो. वळण उजवीकडे असेल तर मोटारीचे नाक उजवीकडे, शेपूट डावीकडे, आणि पुढील चाकेही डावीकडे, असे चमत्कारिक दृश्य दिसते. मागील भाग ज्या बाजूस घसरतो त्याच बाजूस पुढील चाके वळवावयाची, हा येथील मूळ नियम होय.

खरी कसोटी यानंतरच लागते. ॲक्सिलरेटरवरील दाब थोडा अधिक झाला की मोटार स्वतःभोवती गरकन फिरते. एकदम कमी झाला की चाके अकस्मात रस्ता पकडतात व मोटार विरुद्ध बाजूस फेकली जाते. या दोन संकटांच्या मधल्या अरुंद वाटेने चालकास जावयाचे असते. घासणाऱ्या रबरापासून धूर निघतो, आणि टायरांची एक जोडी थोड्या फेऱ्यांतच निकामी होऊ शकते. पाहणारास वाटते की मोटार बेफाम झाली आहे. वस्तुतः त्या वेळी चालकाचे हात, पाय व डोळे पराकाष्ठेचे सावध असतात. ताबा सुटणे आणि सुटलेल्या पकडीवर ताबा राखणे, या अगदी भिन्न गोष्टी आहेत.

या खेळाचे माहेर जपान. कुनिमित्सु ताकाहाशी हा प्रथम मोटारसायकलींच्या शर्यतींतील नामांकित खेळाडू. १९६१ साली त्या क्षेत्रातील जागतिक स्पर्धेतील शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी ठरला. पुढे मोटारींच्या शर्यतींत वळणावर मोटार तिरपी घसरवीत नेण्याची त्याची रीत प्रसिद्ध झाली. ती पाहून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातील नागमोडी रस्त्यांवर ती आत्मसात केली व तिचा प्रसार केला. परंतु डोंगरातील रस्ता हा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. समोरून कोण येईल याचा नेम नसतो. पुढे ही विद्या रस्ता सोडून बंदिस्त मार्गावर आली, तिचे नियम ठरले, आणि तिला खेळाची प्रतिष्ठा मिळाली. २००१ साली जपानात ‘डी-वन ग्रां प्री’ ही स्पर्धामालिका सुरू झाली. तीत त्सुचिया स्वतः पंच म्हणून बसला. अमेरिकेत २००४ पासून ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ ही मालिका होऊ लागली. २०१७ साली मोटार-क्रीडेच्या जागतिक महासंघानेही टोकियो येथे आंतरखंडीय स्पर्धा भरविली.

हौशी लोकांसाठी बंदिस्त मार्गावर जे मेळावे भरतात, त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी असते. प्रथम प्रत्येक मोटारीची तपासणी होते; ब्रेक, चाकांचे नट, आसनांचे पट्टे, तेलाची गळती, सारे पाहिले जाते. शिरस्त्राणावाचून कोणास मार्गावर सोडीत नाहीत. नंतर सर्व चालकांस एकत्र बसवून नियम व निशाणे समजावून देतात. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे असे समजावे. लाल दिसले की फेरी थांबवावी. नवशिक्यांचा गट निराळा ठेवितात, व त्यांस आरंभी पाणी शिंपडलेल्या मोकळ्या जागेवर, शंकूभोवती, कमी वेगात सराव देतात. कारण ओल्या जागी पकड लवकर सुटते व मोठ्या वेगाची गरज पडत नाही. रुग्णवाहिका व अग्निशामक साधने तयार असतात. मोटार घसरून बाहेर गेलीच, तर तिला थांबण्यास मोकळी जागा राखलेली असते.

हुसेनसागराच्या शर्यतीतही हीच दृष्टी होती. तेथील एका अरुंद वळणावर जॅग्वार या एकाच संघाच्या दोन मोटारी परस्परांवर आदळल्या. अत्यंत निष्णात चालकांकडूनही असे घडते! परंतु कठडे, निशाणे व मदतनीस जागच्या जागी असल्यामुळे त्याचे पर्यवसान शर्यत गमावण्यापलीकडे गेले नाही. आता कल्पना करा की, तोच रस्ता नेहमीसारखा खुला आहे; कडेला भाजीची गाडी उभी आहे, शाळेतून मुले परतत आहेत, आणि दोन अननुभवी तरुण तेथे मोटारी घसरवीत आहेत. वळण तेच, घर्षणाचे गणितही तेच. परंतु चुकीची किंमत मात्र ज्याने चूक केलीच नाही त्याच्याकडून घेतली जाईल.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे, शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावणे हा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे लक्षात ठेविले पाहिजे.

मग ज्यास या विद्येची खरी आवड आहे त्याने काय करावे? आवड मारावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मार्ग, कोइमतूरचा कारी मार्ग, ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग अशी स्थाने आपल्या देशात निर्माण झालेली आहेत. लहान वयात गो-कार्टच्या बंदिस्त मैदानावर आरंभ करणे, ही जगभरच्या नामांकित चालकांची वाट आहे. तोवर आपल्या सायकलीवर, वाळू पडलेल्या वळणाशी वेग कमी करण्याची सवय लावून घेणे, हाही घर्षणशास्त्राचा उत्तम प्रात्यक्षिक पाठ होय.

पोहणारास पाणी लागते, पण ते कोठेही उडी टाकण्यासाठी नव्हे. तालमीवाचून कुस्ती म्हणजे केवळ मारामारी. तद्वत ड्रिफ्टिंगलाही त्याचे मैदान हवे. विद्यार्थिमित्रांनो, वेगाचा वर्ग करण्यास वहीत एक क्षण पुरतो. रस्त्यावर तो वर्ग निसर्ग करीत असतो, आणि त्याच्या गणितात खाडाखोड होत नाही.