रंगाआधी दिवा बदला

प्रश्न : आमची झोपायची खोली पश्चिमेची. रात्रीही भिंती गरम असतात, शिवाय रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येतो. शांत झोपेसाठी कोणता रंग द्यावा?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रंगाची निवड शेवटी करा. आधी छताजवळची पांढरी ट्यूब पाहा. ती बहुधा ६५०० केल्विनची असते. तिच्या प्रकाशात निळा अंश जास्त, आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक त्यानेच दबतं. जेवणानंतर २७०० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा छोटा दिवा लावा. तोही डोळ्यांच्या पातळीखाली.

उकाड्याचं मूळ दुपारच्या उन्हात आहे. झोप लागताना शरीराचं तापमान उतरावं लागतं, तापलेल्या खोलीत ते अवघड जातं. ऊन काचेबाहेरच अडवा : बांबूची चिक किंवा छज्जा. आतला पडदा उष्णता आत आल्यावर अडवतो, त्यामुळे त्याचा उपयोग कमी. रस्त्यावरच्या दिव्यासाठी मात्र गडद अस्तराचा, भिंतीवर वीतभर पुढे जाणारा पडदाच हवा. संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

रंग? चकाकी नसलेला, फिकट, तुम्हाला आवडेल तो. ‘झोपेचा रंग’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा.