परत त्या गोळ्या घेऊ नकोस

चि. सौ. सोनूस,


काल वहिनींचा फोन आला होता. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, नाहीतर मला कुणी सांगितलंच नसतं. चिऊला अजून वर्ष झालेलं नाही आणि तू मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरच्या घरी मोकळी झालीस. डॉक्टर नाही, सोनोग्राफी नाही. इतके दिवस अंगावरून जात होतं आणि तू तशीच पहाटे उठून जावईबापूंचा डबा करत होतीस. फोन ठेवला आणि मला घास गेला नाही.

दुसरं मूल इतक्यात नको होतं, याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. तो तुझा निर्णय, आणि १९७१ च्या कायद्यानं ती वाट ठेवलेली आहे. पण त्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटली तर पोटातल्या पोटात रक्त जाऊन बाई दगावू शकते. कधी अर्धवट पडतं, मागे राहिलेलं कुजतं, ताप चढतो. दुकानदार हे सांगत नाही. तो पाकीट देतो आणि पैसे घेतो. तुला काही झालं असतं तर त्या दहा महिन्यांच्या लेकराला आम्ही काय सांगणार होतो?

तपासणी अजून केली नसशील तर हे पत्र वाचून झालं की आधी ती कर. ताप येत असेल, पोट दुखत असेल, घाण वास येत असेल, तर उद्यावर टाकू नकोस.

आणि वहिनी म्हणाल्या, सोनू तांबीला घाबरते. बाळंतपणात सिस्टरनं विचारलं होतं ना तुला? बाळ झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत तांबी बसवता येते, दोनदा जावं लागत नाही. तू मान हलवलीस, कारण विहीणबाई शेजारी बसल्या होत्या. पुढे शेजारणीनं सांगितलं की तांबी वर चढते, छातीत जाते. अगं, चढेल कुठून? गर्भाशय म्हणजे खाली तोंड असलेली बंद पिशवी आहे, तिथून छातीकडे वाट नाही. बसवताना पिशवीला इजा होण्याचा प्रकार हजारात एखाद्या बाईच्या बाबतीत होतो, म्हणून तर शिकलेल्या हातानं बसवायची. कधी ती आपोआप खाली निसटते, म्हणून पहिल्या पाळीनंतर दाखवायला जायचं आणि दोरा जागेवर आहे ना ते बघायचं. पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जातं, कमरेत कळ येते. हेही खरं आहे, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुझं रक्त आधीच कमी, तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घे आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. पांढरं जात असेल, मधेच लाल दिसत असेल, तर बसवण्याआधी सांग.

पण तांबीनं दूध कमी होत नाही, पुढे मूल राहायला अडचण येत नाही. काढली की लगेच दिवस राहू शकतात. शंभर बायकांनी बसवली तर वर्षभरात एखादीलाही दिवस राहणं मुश्किल. गोळी रोज आठवणीनं घ्यावी लागते, निरोध नवऱ्याच्या मर्जीवर. तांबी एकदा बसवली की तुझ्या हातात राहते. नवऱ्याची सहीही लागत नाही, तुझी संमती पुरते. तरी जावईबापूंशी बोल. माणूस समजूतदार आहे, बोलायला तूच कचरतेस.

खाजगीत काही हजार सांगितले, असं तू म्हणालीस म्हणे. ती हार्मोनची असणार. सरकारी दवाखान्यात तांब्याची मिळते, पाच वर्षांची नाहीतर दहा वर्षांची, आणि एक पैसा पडत नाही. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिथे बसवायला शिकलेली सिस्टर किंवा डॉक्टर असेल तिथे. तुझ्या भागातल्या आशाताईला विचार, कुठल्या दिवशी जायचं ते ती सांगेल. आणि तांबी नकोच असेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे, तीही फुकट. अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला मात्र सात-आठ महिने, कधी जास्तही लागतात, हे धरून चाल. यातलं काहीही घे. त्या मेडिकलच्या गोळ्या परत घेऊ नकोस.

मी इतकी जीव तोडून का सांगते, ते तुला अर्धं माहीत आहे. धाकटा झाला तेव्हा मी चोवीस वर्षांची. त्या वर्षी गावात नसबंदीचं शिबिर लागलं होतं. तेव्हा प्रत्येक सरकारी माणसाच्या डोक्यावर केसेसचा आकडा असायचा, गुरुजींच्यासुद्धा. (ती उद्दिष्टं १९९६ साली गेली.) दोन झाली, आता ऑपरेशन करून टाक, असं सासूबाई म्हणाल्या, दारावर आलेल्या बाई म्हणाल्या, आणि मी ट्रॉलीत बसून गेले. तांबी तेव्हाही होती. पण ती आहे, ती काढता येते, थांबून बघता येतं, हे मला एकीनंही सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात धाकटा गेला. त्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही, मीही लिहीत नाही. नळ्या परत जोडता येतात असं कुणीतरी म्हणालं होतं, पण तेवढे पैसे कुठून आणणार होतो? तुझ्या आजोबांनी एक दिवस विचारलं, काय करायचं पोरी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे अंगणवाडीत लागले. पाठोपाठच्या भावंडांना काट्यावर तोलताना दोघांचीही वजनं उणी भरायची. आया विशी-बाविशीच्या, डोळे खोल गेलेल्या. त्यातल्या कितीतरी जणींना मी तांबीसाठी सिस्टरकडे नेलं. माझ्याच भाचीला सांगायचं राहिलं, याचं काल फार वाईट वाटलं.

बाईनं स्वतः ठरवायची ही गोष्ट काही आजची नाही. शाळेत तुम्हाला महर्षी कर्वे शिकवतात, त्यांच्या मुलाचं नाव घेत नाहीत. रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी प्राध्यापकाची नोकरी सोडली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले. बाईला मूल कधी हवं ते तिनं ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या माणसानं ज्यासाठी घरदार पणाला लावलं ते आज तुझ्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि तू शेजारणीच्या एका वाक्याला भिऊन मेडिकलमध्ये जातेस. मला ते सोसत नाही गं.

फार बोलले. तू लहानपणापासून अशीच. ताप आला तरी सांगायची नाहीस, पांघरुणात शिरून बसायचीस. तेव्हा कपाळाला हात लावला की कळायचं. आता तू लांब, कसं कळणार? दुखलं तर मला फोन करत जा. रात्री कितीही वाजता कर. मी ‘असं कसं केलंस’ विचारणार नाही. या पत्रात विचारलं तेवढं पुरे.

चिऊला उभं राहता येतं म्हणे. तिला तीन-चार वर्षांची होऊ दे, तुझी तब्येत भरू दे, मग पुढचं बघा. नको वाटलं तर नको. घरातलं कुणी काही बोललं तर माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी. वहिनींवर रागावू नकोस, त्यांनी काळजीनं सांगितलं.

सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी येते आहे. आपण दोघी दवाखान्यात जाऊ. तू तपासून घे, सिस्टरला मनातलं सगळं विचार, आणि मग तांबी बसवायची की नाही ते तूच ठरव. तू आत असशील तेव्हा चिऊ माझ्याकडे राहील. येताना मेथीचे लाडू आणते. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या