तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे कुत्रा आजारी?

यावेळची बरीच पत्रं लीशमॅनियासिसबद्दल आहेत आणि बहुतेक स्पेनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतून आली आहेत. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत हा कुत्र्यांचा नेहमीचा आजार आहे. लीशमॅनिया इन्फॅन्टम नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो आणि सँडफ्लाय ही डासाहूनही लहान माशी तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे नेते. विदर्भातल्या वाचकांनी या माशीचं नाव चांदीपुरा तापाच्या निमित्ताने ऐकलं असेल.

प्रश्न : आम्ही व्हॅलेन्सियात राहतो. बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहातून चार वर्षांची एक कुत्री घरी आणली. खाणंपिणं उत्तम, अंगावर तुकतुकी आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत मात्र ‘लीशमॅनिया पॉझिटिव्ह, १:१६०’ असं आलं. असे कुत्रे फार जगत नाहीत, असं शेजारी सांगतात. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. कुत्री परत द्यावी का?

उत्तर : परत देऊ नका. तुमच्या हातात आलेला कागद एवढंच सांगतो की तिच्या शरीराची या परजीवीशी गाठ पडली आहे आणि तिने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत. संसर्ग होणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. स्पेनच्या त्या पट्ट्यात संसर्ग झालेले कुत्रे पुष्कळ असतात. त्यांतले थोडेच आजारी पडतात. ज्यांच्या पेशींची प्रतिकारशक्ती या परजीवीला दाबून ठेवते, ते आयुष्यभर ठणठणीत राहू शकतात. इबिझा बेटावरचे शिकारी कुत्रे याबाबतीत चिवट समजले जातात, तर बॉक्सर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांना आजार लवकर गाठतो.

१:१६० हा आकडा बहुतेक प्रयोगशाळांच्या मोजमापात खालच्या पातळीवरचा आहे. आजारी कुत्र्यात तो सहसा याच्या अनेक पट वर असतो. म्हणून आता चार गोष्टी करून घ्या : रक्ताची संपूर्ण तपासणी, प्रथिनांतलं अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचं प्रमाण, क्रिएटिनिन, आणि लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी असलेलं गुणोत्तर. हे सगळं ठीक असेल तर औषध सुरू करण्याची घाई नको. तीन ते सहा महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी पुन्हा मोजा, पण त्याच प्रयोगशाळेत. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आश्रयगृहात एक गोष्ट जरूर विचारा : तिला पूर्वी लीशमॅनियाची लस दिली होती का? काही लसींमुळेही ही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

मुलीची काळजी साहजिक आहे. कुत्रीला कुरवाळल्याने, तिने हात चाटल्याने हा आजार होत नाही. मध्ये माशी लागते. माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा भागात २००९पासून माणसांत मोठी साथ आली, चारशेहून अधिक लोकांना लागण झाली. शोध घेतल्यावर परजीवीचा मोठा साठा सापडला तो नव्या उद्यानांतल्या रानसशांत. घरातला कुत्रा काढून टाकल्याने माशी कमी होत नाही. कुत्रीच्या गळ्यात औषधी पट्टा आणि मुलीच्या खिडकीला बारीक जाळी, हे दोन उपाय दोघींनाही जपतील.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा बॉक्सर वर्षभरात वाळत गेला. कानांच्या कडांना जखमा, डोळ्यांभोवतीचे केस गेले, नखं वेडीवाकडी वाढली, दोनदा नाकातून रक्त आलं. सेव्हिलच्या डॉक्टरांनी मांडीमागच्या गाठीत सुई घालून तपासणी केली आणि निदान पक्कं केलं. महिनाभर रोज इंजेक्शन दिलं, शिवाय ॲलोप्युरिनॉल दिवसातून दोनदा. ही तर माझ्या वडिलांची गाउटची गोळी! आता तो छान दिसतोय. गोळी बंद करावी का?

उत्तर : बंद करू नका. हे मी आग्रहाने लिहितो आहे, कारण या आजारात कुत्र्याचं सर्वांत जास्त नुकसान नेमकं याच टप्प्यावर होतं.

तुमच्या डॉक्टरांनी रीतसर काम केलं आहे. गाठीतून, म्हणजे लसीकाग्रंथीतून, काढलेला थेंब काचपट्टीवर रंगवला की मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या पोटात दोन ते चार मायक्रॉनचे अंडाकृती परजीवी दिसतात. एका बाजूला केंद्रक आणि जवळच आणखी एक गडद काडीसारखा ठिपका, ही त्यांची ओळख. दिसले तर प्रश्न मिटला. दिसले नाहीत म्हणून आजार नाही, असं मात्र म्हणता येत नाही. तेव्हा पीसीआर करतात आणि त्यासाठी अस्थिमज्जा किंवा लसीकाग्रंथीतला नमुना रक्तापेक्षा जास्त भरवशाचा. पण नुसत्या पीसीआरवरही मी कुणाला आजारी ठरवणार नाही. लक्षणं, प्रथिनांचा बिघाड आणि प्रतिपिंडांची उंच पातळी हे तिन्ही एकत्र दिसतं, तेव्हा निदान भक्कम होतं.

आता औषधांविषयी. रोजचं इंजेक्शन म्हणजे मेग्लुमिन अँटिमोनिएट, अँटिमनी धातूचं संयुग. शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळ्या आजारावर, म्हणजे माणसांतल्या लीशमॅनियावर, युरिया स्टिबामाइन तयार केलं, तेही अँटिमनीचंच. हे औषध परजीवींची संख्या झपाट्याने खाली आणतं, म्हणून महिन्याभरात कुत्रा ओळखू येऊ नये इतका सुधारतो. काही डॉक्टर त्याऐवजी मिल्टेफोसिन देतात : २८ दिवस, दिवसातून एकदा, पोटभर खाण्यासोबत, नाहीतर उलट्या होतात. माणसांच्या काळ्या आजारावरचं तोंडाने घ्यायचं पहिलं औषध म्हणून भारताने २००२मध्ये त्याला मान्यता दिली होती. घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनी मिल्टेफोसिन हाताळू नये.

ॲलोप्युरिनॉलचं काम वेगळं आहे. परजीवीला प्युरिन स्वतः बनवता येत नाही, तो ते कुत्र्याच्या शरीरातून उचलतो. ॲलोप्युरिनॉललाही तो प्युरिन समजून आत घेतो आणि त्याची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा अडते. ही गोळी परजीवीला मारत नाही, वाढू देत नाही. त्यामुळे ती थांबली की दबलेला आजार डोकं वर काढतो. सहसा किमान सहा महिने ते वर्ष, पुष्कळदा त्याहूनही जास्त काळ ती द्यावी लागते. लक्षणं पूर्ण गेली, रक्त-लघवी ठीक झाली आणि प्रतिपिंडं स्पष्ट खाली आली, तरच थांबवण्याचा विचार करायचा. या उपचाराने कुत्रा बरा दिसतो, चांगला जगतो. परजीवी मात्र शरीरातून पूर्णपणे जातो, असं धरून चालू नका.

गोळीची एक अडचण आहे. काही कुत्र्यांच्या लघवीत झँथिनचे स्फटिक होतात आणि पुढे खडे. लघवी नियमित तपासा, अधूनमधून सोनोग्राफी करा आणि काळीज, यकृत, सार्डिनसारखं प्युरिनने भरलेलं खाणं बंद ठेवा. लाडाने दिलेला लिव्हरचा तुकडा इथे महागात पडतो.

आणि मूत्रपिंडं. या आजारात कुत्रे दगावतात ते बहुधा त्यांमुळेच. परजीवी आणि प्रतिपिंडं यांच्या जोडगोळ्या मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात, गाळणी फाटते, प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात. हे बाहेरून दिसत नाही. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बराच भाग निकामी झालेला असतो, म्हणून लघवीतल्या प्रथिनांचं गुणोत्तर हाच मला सर्वांत मोलाचा आकडा वाटतो. ते ०.५च्या वर गेलं की दखल घ्यायची : मूत्रपिंडाचा आहार, प्रथिनगळती कमी करणारी औषधं, रक्तदाबावर लक्ष. उपचारानंतर महिन्याने, मग पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी ही तपासणी चुकवू नका.

प्रश्न : सांगलीत राहतो. आमच्या कुत्र्याला ताप आहे, गाठी सुजल्यात, नाकातून रक्त आलं. वाचलेली सगळी लक्षणं लीशमॅनियाशी जुळतात.

उत्तर : जुळतात खरी, पण तुमचा कुत्रा कधी गावाबाहेर गेलेला नाही, असं तुम्हीच पत्रात पुढे लिहिलं आहे. आपल्याकडे या लक्षणांमागे आधी गोचीड शोधायचे. एर्लिकिया हा गोचिडांतून येणारा जंतू हुबेहूब असंच चित्र उभं करतो, अगदी प्रथिनांचा बिघाडसुद्धा. आजच प्लेटलेट मोजून घ्या आणि रक्ताची काचपट्टी दाखवा. निदान झालं तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्याला घरी थांबवून ठेवू नका.

प्रश्न : माझा भाऊ बार्सेलोनाहून कायमचा पुण्याला परततोय, सोबत लीशमॅनियाचे उपचार चालू असलेला कुत्रा आहे. आमच्या घरी दोन कुत्रे आहेत. बिहारचा काळा आजार यातूनच येतो का?

उत्तर : नाही. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातला काळा आजार लीशमॅनिया डोनोव्हानी या वेगळ्या परजीवीचा आहे. तो माणसाकडून माणसाकडे माशीमार्फत जातो, त्यात कुत्र्याची मुख्य भूमिका नाही. तुमच्या कुत्र्यांना सोबत राहून, एका भांड्यात खाऊन लागण होणार नाही. दोन वाटा मात्र बंद ठेवा : या कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देऊ नये आणि त्याची पैदास करू नये. अमेरिकेत शिकारी फॉक्सहाउंड कुत्र्यांत हा आजार आईकडून पिल्लांकडे गेल्याचं दिसलं आहे. औषधी पट्टा पुण्यातही चालू ठेवा.

भावाला आधी कागदपत्रं पाहायला सांगा. कुत्रा भारतात आणताना लागणाऱ्या आरोग्य प्रमाणपत्रात लीशमॅनियासिसचा उल्लेख असतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच पशु क्वारंटाइन कार्यालयाशी आजाराची माहिती न लपवता बोलावं. परवानगी मिळाली तर सगळे जुने अहवाल तारखांसह आणावेत आणि पुण्यातल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आजाराचं नाव सांगावं, कारण इथे तो आपणहून कुणाच्या मनात येणार नाही.

प्रश्न : म्युनिकहून उन्हाळ्यात कुत्र्याला घेऊन गाडीने सिसिलीला जाणार आहोत. आधी काय करावं? घरी मांजरही आहे.

उत्तर : डेल्टामेथ्रिनचा पट्टा निघण्यापूर्वी एक-दोन आठवडे बांधा, त्याचा परिणाम पूर्ण यायला वेळ लागतो. माशी साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, आवाज न करता, आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून सहज आत येते. म्हणून रात्री कुत्रा अंगणात नको, खोलीत झोपू द्या. लस सहा महिन्यांवरच्या, तपासणी निगेटिव्ह असलेल्या कुत्र्यांना देतात. ती आजाराची शक्यता कमी करते, संसर्ग थांबवत नाही, त्यामुळे लस घेतली तरी पट्टा हवाच. परतल्यावर काही महिन्यांनी रक्त तपासा, लगेच नको. प्रतिपिंडं तयार व्हायला अवधी लागतो.

मांजरीसाठी वेगळी सूचना. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत परमेथ्रिन असेल तर ते मांजरीला जीवघेणं ठरतं. दोघं एकमेकांना चाटत, बिलगून झोपत असतील तर ते थेंब घरात आणूच नका. मांजरीला चुकून लागलेच आणि ती थरथरू लागली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा, आणि थेंबांचं रिकामं पाकीट सोबत न्या.