पाचवे शील आणि स्लॅबचा दिवस



विहारात आपण पाचवे शील सगळे मिळून घेतो. ते मोडते मात्र एकेकट्याचे. उत्रोलीतून आणि भोरच्या आसपासच्या गावांतून आपली माणसे पुण्याला बांधकामावर जातात. कोणी गवंडी, कोणी सेंटरिंगवाला, कोणी बिगारी. दिवसभर घमेली वाहून अंग ठणकते आणि रात्री पत्र्याच्या खोलीत घरचे कोणी नसते. स्लॅब पडला की सगळ्यांनी ‘बसायचे’, हा तर रिवाजच होऊन बसला आहे. तिथे एकट्याने ‘मी घेत नाही’ म्हणणे किती अवघड असते, हे गावात बसून उपदेश करणाऱ्यांना (त्यात आम्ही मास्तर मंडळी पहिली!) कळत नाही. अशा माणसाला उपदेशापेक्षा सोबत लागते.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्यात अपयश घेऊन एकटा पडला होता. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते. पुन्हा ओढ लागली, तेव्हा त्याने बोलण्यासाठी दुसरा दारूत बुडालेला माणूस शोधला. तो निघाला डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर! या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तिच्या सभांना फी नाही, कोणाचे नाव बाहेर सांगत नाहीत. ध्यानात घ्या, बिल दुसऱ्याला तारायला निघाला नव्हता. त्याला स्वतःलाच वाचायचे होते.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसे पुढे इतरांचे समुपदेशक झाली. आपल्याला हे नवे वाटू नये. चांगली संगत म्हणजे निम्मा धम्म, असे आनंद म्हणाले, तेव्हा निम्मा नव्हे, संपूर्ण, असे तथागतांनी त्यांना सांगितल्याचे संयुत्त निकायात आहे.

तेव्हा एका साइटवरच्या दोघातिघांनी जोडी धरावी. पगाराच्या दिवशी बरोबर निघावे, घरी पैसे पाठवावेत, मगच जेवायला बसावे. ओढ लागली तर मध्यरात्रीही जोडीदाराला उठवावे. एखादा घसरलाच, तर त्या दिवशी त्याला परांचीवर चढू देऊ नये.

एक सावधगिरी मात्र पाळा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर हात कापतात, भास होतात, झटके येतात. जीवही जाऊ शकतो. अशाला खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या. तिथे मित्राचे काम संपत नाही, पण डॉक्टरचे आधी.

घरच्यांनाही एक विनंती. ‘बौद्ध होऊन पितोस?’ हा टोमणा आपल्या घरांत फार चालतो. तो ऐकून माणूस दारू सोडत नाही, विहारात यायचे सोडतो. भातलावणीला बरीच माणसे घरी येतात. वर्षावासही त्याच सुमारास सुरू होतो. ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास विहार या माणसांसाठी मोकळा ठेवा. पुढारी नकोत, मास्तरही नकोत. त्यांचे त्यांना बोलू द्या. चहा तेवढा आतून पाठवा.